संदेश ऐकून वचनाचा अभ्यास कसा करावा? (उतारा : मत्तय १८:२१-३५)

दीपस्तंभ_नगर

सर्वांना सलाम.

घरगुती बायबल अभ्यासवर्गासाठी मार्गदर्शन हवं आहे. आठ-दहा जण, आठवड्यातून एकदा, दीड तास. पुढचा उतारा मत्तय १८:२१-३५, निर्दयी चाकराचा दाखला, म्हणजे बोधकथा. भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, असं पेत्र विचारतो. येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा, आणि गोष्ट सांगतो : राजाने प्रचंड कर्ज माफ केलेला चाकर आपल्या सोबत्याची मात्र लहान कर्जासाठी नरडी धरतो. सध्याची रीत अशी : मोबाइल स्पीकरला जोडायचा, एखाद्या चांगल्या उपदेशकाचा चाळीस-पन्नास मिनिटांचा संदेश (प्रवचन) लावायचा आणि मग चर्चा. संदेश मनाला भिडतात. पण चर्चा संदेशातल्या गोष्टींभोवतीच फिरते. उताऱ्यात नेमकं काय लिहिलंय असं विचारलं की सगळे गप्प होतात.

संदेश उतारा वाचण्याआधी ऐकावा की नंतर? एका उताऱ्यावर किती संदेश ऐकावेत, आणि ते निवडायचे कसे? टिपणं कशी काढावीत? "मूळ ग्रीकमध्ये याचा अर्थ असा आहे" असं उपदेशक म्हणाले, तर ग्रीक न येणाऱ्याने ते कसं पडताळायचं? वर्गात सेमिनरीत शिकलेलं कुणी नाही. मराठी सगळ्यांना वाचता येतं, इंग्रजी तिघा-चौघांना.

मोहरीचा_दाणा

संदेश नंतरच. चांगल्या वक्त्याचा आवाज एकदा कानात बसला की पुढे उतारा त्याच्याच चालीत वाचला जातो आणि तुम्हाला स्वतःला जे प्रश्न पडले असते ते पडायचे राहून जातात. अभ्यासाची सुरुवात त्या प्रश्नांपासून होते.

आधी अख्खा अठरावा अध्याय मोठ्याने वाचा. ३५ वचनं आहेत, पाच-सहा मिनिटं लागतात. फक्त २१ पासून सुरू केलंत तर पेत्राने प्रश्न का विचारला हेच कळणार नाही. अध्यायाची सुरुवात होते ती "स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण" या प्रश्नाने. मग लहान मूल, लहानांना अडखळण आणणाऱ्याला कडक इशारा, हरवलेलं मेंढरू, आणि वचन १५ पासून अपराध करणाऱ्या भावाशी कसं वागायचं याची पायरीवार रीत. हे सगळं ऐकून पेत्र विचारतो, किती वेळा?

त्यानंतर २१-३५ दोनदा वाचा आणि प्रत्येकाने निदान पाच प्रश्न लिहून काढा. प्रश्न साधे असले तरी चालतात, फक्त ते मजकुरातून आलेले हवेत. उदाहरणार्थ, वचन २६ आणि २९ शेजारी ठेवून पाहा. राजापुढे पाया पडलेला चाकर जे म्हणतो, जवळपास तेच शब्द त्याच्या पाया पडलेला सोबती म्हणतो : मला वेळ द्या, मी फेडीन. फरक एकाच शब्दाचा. पहिला "सगळं" फेडीन म्हणतो, आणि त्याचं कर्ज तर कधीच न फिटणारं आहे. दुसऱ्याच्या विनवणीत चांगल्या जुन्या हस्तलिखितांत तो शब्द नाही, आणि त्याचं कर्ज फिटण्याजोगं आहे. काही भाषांतरांत दोन्हीकडे "सर्व" आढळेल, कारण नंतरच्या हस्तलिखितांत तो शब्द तिथेही आला. स्वतःचेच शब्द पहिल्याच्या कानावर पडतात आणि तरी तो नरडी सोडत नाही. हे ज्याने स्वतः वाचून हेरलं, त्याला ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता संदेश ऐका. वहीच्या पानावर तीन रकाने आखा : "उताऱ्यात आहे", "उपदेशकाचं म्हणणं", "दाखला-किस्सा". पहिल्या रकान्यात वचनाचा आकडा दिल्याशिवाय काहीच लिहायचं नाही. ध्वनिमुद्रण असेल तर कडेला वेळ टिपा, १२:४०, ३१:०५ अशी, म्हणजे वर्गात नेमका तेवढाच भाग लावता येतो. पहिल्यांदा न थांबवता ऐका. दुसऱ्यांदा थांबवत ऐका आणि सांगितलेला प्रत्येक संदर्भ बायबलमध्ये उघडून पाहा. दीडपट वेगाने ऐकू नका. वाक्यं कळतात, पण पान उलटायला वेळ उरत नाही. मोबाइलवर आपोआप उमटणाऱ्या अक्षरांवरही विसंबू नका, नावं आणि संदर्भ त्यात सर्रास चुकतात.

बहुतेक वेळा दुसरा आणि तिसरा रकाना भरलेला आणि पहिला रिकामा दिसेल. त्यावरून उपदेशकाला कमी लेखायचं कारण नाही. मंडळीसमोर उभ्या असलेल्या पाळकाला वचन आजच्या जगण्याला लावून दाखवायचं असतं, प्रत्येक वचनाचा हिशेब देणं हे त्याचं तिथलं काम नव्हे. ते आपण वहीत करायचं.

वर्गाचे ९० मिनिटं अशी वाटा : १५ वाचन, ३० लिहून आणलेले प्रश्न, १० मिनिटांचा संदेशाचा निवडक तुकडा, २५ त्यावर चर्चा, १० प्रार्थना. पूर्ण संदेश ज्याने त्याने घरी ऐकून यावा. पन्नास मिनिटं संदेशालाच गेली तर उताऱ्याला उष्टा वेळ मिळतो. तुमच्याकडे होतंय ते एवढंच.

वसईकर_वाचक

निवडीबद्दल लिहितो. एका उताऱ्यावर दोन संदेश पुरेत, पण ते वेगवेगळ्या परंपरांतले घ्या. एकाच घराण्याचे चार ऐकलेत तर एकच गोष्ट चार वेळा ऐकली जाते.

एक आजचा घ्या. हा उतारा तीन वर्षांच्या वाचनचक्रात, म्हणजे कोणत्या रविवारी काय वाचायचं याच्या ठरलेल्या क्रमात, "अ" वर्षात येतो, आणि त्या वर्षी रविवारची शुभवर्तमानं मुख्यतः मत्तयमधून असतात. कॅथलिक मिस्सात तो सामान्य काळातल्या (मोठ्या सणांचे हंगाम सोडून उरलेल्या काळातल्या) २४व्या रविवारी वाचतात. तीच मांडणी पुढे धरून केलेली पाठमाला, १९९२ची, अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या वापरतात आणि तिच्यातही हा उतारा त्याच सुमारास येतो. २०२६ मध्ये तो रविवार १३ सप्टेंबरला आहे. त्या आठवड्यात या उताऱ्यावरची प्रवचनं हवी तेवढी मिळतील.

वाचनचक्राचा आणखी एक फायदा आहे. सोबतचं पहिलं वाचन का निवडलं, हे स्वतःच एक छोटं स्पष्टीकरण असतं. कॅथलिक चक्रात त्या दिवशी सिराखच्या पुस्तकातला २७:३० ते २८:७ हा भाग असतो : शेजाऱ्याच्या अपराधाची क्षमा कर, म्हणजे तू प्रार्थना करशील तेव्हा तुझ्या पापांची क्षमा होईल. हे पुस्तक प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही, तरी येशूच्या आधीच्या यहुदी समाजात ही शिकवण होती हे कळायला ते वाचाच. वर सांगितलेल्या १९९२च्या पाठमालेत उत्पत्ती ५०:१५-२१ आहे, योसेफ आणि त्याचे घाबरलेले भाऊ.

दुसरा संदेश जुना घ्या. संत योहान ख्रिसोस्तोम यांनी अंत्युखियात, इ. स. ३९०च्या आसपास, मत्तयवर ओळीने ९० प्रवचनं दिली. ६१वं प्रवचन याच उताऱ्यावर आहे. मूळ ग्रीक, पण एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर मोफत मिळतं. त्यांची प्रवचनं वाचताना एक खूण लक्षात ठेवा. आपल्या कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, तसे त्यांचेही बहुधा दोन भाग पडतात. पूर्वार्धात वचनामागून वचन उलगडत जातात, उत्तरार्धात लोकांना आचरणाबद्दल सांगतात, आणि तो विषय कधीकधी उताऱ्यापासून बराच दूर जातो. अभ्यासाला पूर्वार्ध घ्या, मननाला उत्तरार्ध.

"साताच्या सत्तर वेळा" हा आकडा मोजण्यासाठी नाही, अमर्याद असा त्याचा अर्थ आहे, असं ख्रिसोस्तोम तिथे सांगतात. संत ऑगस्टिन मात्र आपल्या ८३व्या प्रवचनात त्याच शब्दांतून ७७ हा आकडा घेतात आणि लूकच्या वंशावळीतल्या ७७ पिढ्यांशी जोडतात : ज्या अर्थी ख्रिस्ताने सगळ्या पिढ्यांची पापं सोडली, त्या अर्थी तूही कुठलंच पाप सोडायचं बाकी ठेवू नकोस. दोन मोठे उपदेशक, वाटा वेगळ्या, पोचतात एकाच जागी. दोन संदेश जुळत नाहीत असं वाटलं की फरक कोणत्या थरावर आहे ते आधी पाहा : भाषांतराचा, पार्श्वभूमीचा, अर्थाचा की आचरणाचा. इथला फरक भाषांतराचा आहे. ग्रीक शब्दसमूह ७७ असाही वाचता येतो आणि सत्तर गुणिले सात असाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात उत्पत्ती ४:२४ मध्ये हेच शब्द काइनाचा वंशज लामेख याच्या तोंडी आहेत, तिथे ते सूडासाठी. सूडाचा आकडा येशूने क्षमेला लावला. माझ्या मते या उताऱ्याचं दार तिथेच उघडतं, आणि आजच्या फारच थोड्या संदेशांत ते ऐकू येतं.

दीपस्तंभ_नगर

दोघांचेही मनापासून आभार. तीन रकाने आखून दोन संदेश ऐकले. लगेच अडलं. एक उपदेशक म्हणतात, सोबत्याचं कर्ज म्हणजे चिल्लर. दुसरे म्हणतात, तीही मोठी रक्कम होती. वर्गातल्या दोन बायबलांतही रकमा वेगवेगळ्या छापल्या आहेत, एकात रुपये आहेत. कोणतं धरायचं?

ताळेबंद

दुसरे उपदेशक बरोबर आहेत. काही मराठी भाषांतरांनी वाचकाच्या सोयीसाठी मूळ नाण्यांच्या जागी रुपये घातले. त्या काळी त्याने मदत झाली असेल. आज मात्र "शंभर रुपये" वाचलं की एका वेळच्या जेवणाचा खर्च डोळ्यांपुढे येतो आणि दाखल्याचं मापच हरवतं.

मुळात पहिलं कर्ज १०,००० तलांत आणि दुसरं १०० दिनार आहे. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. हे मत्तय २०:२ वरूनच कळतं, बाहेरचं पुस्तक लागत नाही. एक तलांत साधारण ६,००० दिनारांचा.

म्हणजे सोबत्याचं कर्ज १०० दिवसांची मजुरी. रोज ५०० रुपये धरला तर ५०,००० रुपये. हातावर पोट असलेल्याला ही रक्कम बुडाली तर घर हलतं. ती चिल्लर नव्हे, आणि दाखल्याची धारही त्यातच आहे : आपल्याला झालेली इजा खोटी किंवा क्षुल्लक आहे, असं येशू म्हणत नाही.

आता पहिलं कर्ज. १०,००० गुणिले ६,००० म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस कामाचे धरले तर दोन लाख वर्षं. त्याच ५०० रुपयांच्या हिशेबाने ३,००० कोटी. दोन कर्जांचं प्रमाण सहा लाखांस एक. पडताळायला बाहेरचा एक आकडा देतो. हेरोद राजानंतर त्याचा मुलगा अर्खेलाव याला यहूदीया, शोमरोन आणि इदोम मिळून वर्षाला ६०० तलांत उत्पन्न होतं, असं यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. म्हणजे या एका चाकराचं देणं त्या प्रदेशाच्या सोळा-सतरा वर्षांच्या महसुलाएवढं. शिवाय ग्रीकमध्ये दहा हजार हा संख्येला असलेला सर्वांत मोठा स्वतंत्र शब्द, आणि तलांत हे पैशाचं सर्वांत मोठं माप. दोन्ही टोकं जोडून येशू न मोजता येणारी रक्कम सांगतो.

वर्गात फळ्यावर ही दोन गणितं मांडाच. दहा मिनिटं लागतात, आणि त्यानंतर "मी सगळं फेडीन" हे वचन २६ मधलं वाक्य वाचताना कुणालाच ते नुसतं पुढे सरकवता येत नाही.

प्रभूची प्रार्थनाही सोबत काढा. मत्तय ६:१२ मध्ये मूळ शब्द कर्जाचाच आहे, म्हणून आपल्या मराठी प्रार्थनेत "ऋणे" आणि "ऋणी" हे शब्द आले. अनेक मंडळ्या दर रविवारी ते म्हणतात. अठराव्या अध्यायातला दाखला त्या एका ओळीचा विस्तार आहे, हे ६:१४-१५ आणि १८:३५ एकापाठोपाठ वाचलं की दिसतं.

शब्दार्थ_शोधक

ग्रीकबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

ग्रीक येत नसलं तरी तीन गोष्टी तपासता येतात. एक, तोच शब्द त्याच लेखकाने आणखी कुठे वापरलाय. मूळ शब्दांना क्रमांक दिलेली मोफत बायबल अॅपं आहेत. शब्दावर बोट ठेवलं की तो जिथे जिथे येतो त्या वचनांची यादी निघते. दोन, सांगितलेला अर्थ उताऱ्यात बसवून वाक्य लागतं का. तीन, सांगितलेल्या पार्श्वभूमीला त्या काळातला काही पुरावा आहे का.

पहिल्या कसोटीचं उदाहरण योहान २१:१५-१७. येशू दोनदा "आगापाओ" हे क्रियापद वापरतो, पेत्र "फिलेओ" म्हणतो, म्हणजे येशू दैवी प्रीती मागतो आणि पेत्र नुसती मैत्री देतो, असं शेकडो संदेशांत येतं. यादी काढून पाहा. पिता पुत्रावर प्रीती करतो, हे योहान ३:३५ मध्ये आगापाओने सांगितलंय आणि ५:२० मध्ये फिलेओने. येशूचा आवडता शिष्य १३:२३ मध्ये आगापाओ, २०:२ मध्ये फिलेओ. योहान हे दोन शब्द आलटून पालटून वापरतो. त्याच तीन वचनांत कोकरं-मेंढरं आणि चारणं-पाळणं हे शब्दही बदलतात, त्यावर मात्र कुणी संदेश देत नाही. पेत्राने तीनदा नाकारलं आणि त्याला तीनदा विचारलं, हा उताऱ्याचा कणा आहे. तो शब्दांच्या फरकावर टेकलेला नाही.

दुसरी आणि तिसरी कसोटी मत्तय १९:२४ ला लावा. सुईचं नाक म्हणजे यरुशलेमेतला एक छोटा दरवाजा, उंट ओझं उतरवून, गुडघे टेकून आत जायचा, हे स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे. अशा नावाचा दरवाजा होता याला त्या काळातला काहीही पुरावा नाही, ही गोष्ट कित्येक शतकांनंतर सांगितली जाऊ लागली. शिवाय लूक १८:२५ मध्ये सुईसाठी वेगळाच ग्रीक शब्द आहे. दरवाजाचं विशेषनाम असतं तर असं बदललं नसतं. आणि पुढची दोन वचनं वाचा. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग कुणाचं तारण होईल? येशू सांगतो, माणसांना हे अशक्य आहे. गुडघे टेकून जाता येत असतं तर ते अशक्य कसं?

अशी एक चूक सापडली म्हणून त्या उपदेशकाचा सगळा संदेश फेकून देऊ नका. तेवढ्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह करा आणि पुढे चला. मराठीतल्या मराठीत तपासायचं असेल तर दोन भाषांतरं शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर मिळालं तर तेही. जिथे दोन भाषांतरं वेगळी पडतात तिथेच मुळात काहीतरी पाहण्यासारखं असतं, जसे इथले रुपये.

मोहरीचा_दाणा

एक गोष्ट राहिली आणि ती सांगितल्याशिवाय हा उतारा वर्गात घेऊ नका.

या दाखल्यावरचे काही संदेश सरळ असं सांगतात की कितीही त्रास झाला तरी क्षमा करा, बोलू नका, सोसा. घरात मार खाणारी बाई तुमच्या वर्गात बसलेली असू शकते. तिने हे ऐकलं तर तिला ते देवाचं वचन म्हणूनच ऐकू येतं. म्हणून अख्खा अध्याय वाचण्याचा आग्रह. वचन ६ लहानांना अडखळण आणणाऱ्याबद्दल काय म्हणतं ते पाहा. वचन १५-१७ मध्ये अपराध झाकायला सांगितलेलं नाही. आधी एकांतात दोष दाखव, नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत ने, तरी नाही तर मंडळीला कळव. क्षमेचा दाखला त्या रीतीनंतर येतो, तिला पुसून टाकत नाही. दाखल्यातसुद्धा सोबतीचे चाकर पाहिलेला अन्याय पोटात ठेवत नाहीत. फार दुःखी होतात आणि जाऊन धन्याला सगळं सांगतात (वचन ३१). आणि एकांतात दोष दाखवण्याची पहिली पायरी दोन भावांमधली आहे, मारणाऱ्यासमोर एकटीने उभं राहण्याचा तो आदेश नव्हे.

आणखी एक जपा. राजा म्हणजे देव, हे वचन ३५ वरून ठरतं. पण राजाची प्रत्येक कृती देवावर लावू नका. कर्जापोटी बायकामुलं विकणं त्या जगात चालत होतं, २ राजे ४:१ आणि नहेम्या ५:५ पाहा. दाखला त्या जगातला आहे, त्या चालीला मान्यता देत नाही. वचन ३४ मधल्या छळ करणाऱ्यांवर एखादा संदेश पंधरा मिनिटं खर्च करत असेल तर तो तुकडा वर्गात लावू नका.

संदेश निवडताना पाच मिनिटांची चाचणी करा. मधलाच भाग लावून ऐका आणि उपदेशक पाच मिनिटांत निदान एकदा उताऱ्याकडे परत येतो का ते पाहा. येत असेल तर पूर्ण ऐका. पुढच्या आठवड्यात प्रश्नांची यादी इथे टाका, वर्गाआधी एकदा नजर घालू.